तो देश शिरला नाही, सर

सर,

परवा तुमच्या दशक्रियेला माईकवर मला दोनच वाक्यं बोलता आली. माझ्या आधी नऊ जण बोलले. सोसायटीचे, पंचायत समितीचे, कारखान्याचे, शिवाय ज्यांना कुणी बोलवलं नव्हतं असेही दोन. प्रत्येकानं तुमचा जन्म, शिक्षण, नोकरी सगळं सांगून टाकलं आणि त्यातल्या एकानं तुम्हाला गणिताचे शिक्षक करून ठेवलं. माझं नाव पुकारलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सीनेच्या काठावर बसलेली माणसं टोप्यांनी वारा घेत होती. मी म्हणाले, "सर आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे. मी भूगोल शिकवायचे आणि आम्ही एकतीस वर्षं भांडलो." लोक हसले. मग मी माईक परत दिला आणि खाली बसले. बोलायचं राहिलं ते आता लिहिते आहे. तुम्ही असतात तर लाल पेन घेऊन बसला असतात, तेवढं टळलं.

आधी महत्त्वाचं सांगते. माझी रूथ घरी आहे. तुमची विद्यार्थिनी, माझी एकुलती एक लेक, सहा वर्षं आखातातल्या एका हॉस्पिटलात नर्स असलेली. आत्ता भरदुपारी पलीकडच्या खोलीत झोपली आहे, पंखा पाचवर करून, तोंडावर ओढणी घेऊन. आणि दुसरं म्हणजे तो देश युद्धात शिरला नाही. तुम्ही मंगळवारी गेलात आणि शुक्रवारी त्यांनी जाहीर केलं की आम्ही कुणाच्याच बाजूनं लढणार नाही. देशाचं नाव लिहीत नाही. आपल्या जिल्ह्यातली किती तरी पोरं-पोरी अजून तिथं आहेत, उगाच तोंडातून नाव काढायला नको वाटतं.

शुक्रवारी ती बातमी ऐकली आणि मी सवयीनं चपला घातल्या. पाच वाजले होते. तुमच्याकडे निघाले होते, सांगायला. एसटी स्टँडपर्यंत आले आणि मग आठवलं. तिथंच रसवंतीच्या बाकड्यावर बसले थोडा वेळ. रडले नाही. खरं सांगू का, त्या दिवशी मला रडताच येत नव्हतं, इतकं हलकं वाटत होतं.

आपलं भांडण लोकांना कधी समजलं नाही. त्यांना वाटायचं पेपरच्या गुणांवरून असेल, वर्ग वाटपावरून असेल. भांडण होतं ते एका प्रश्नावरून. दहावीला तेव्हा महायुद्धं होती आणि 'महायुद्धाची कारणे लिहा' हा प्रश्न ठरलेला. तुम्ही पुस्तक मिटून ठेवायचात आणि दूध डेअरीतून सुरुवात करायचात. एका गावात दोन डेअऱ्या, दोन गट. चहाच्या टपरीवर एका गटातल्या माणसानं दुसऱ्या गटातल्या कुणाच्या भाच्याच्या थोबाडीत मारली. भाच्यासाठी मामा धावला. मामाला शब्द दिलेला होता म्हणून त्याचा व्याही धावला. व्याह्याचा शेजारी त्याच्याबरोबर धावला, कारण मागच्या वर्षी बांधाच्या भांडणात व्याही त्याच्यासाठी धावला होता. तिन्हीसांजेपर्यंत सगळं गाव काठ्या घेऊन बाहेर, आणि थोबाडीत का मारली हे विचारायला कुणालाही सवड नाही. "बाळांनो, असा देश युद्धात शिरतो," असं म्हणून तुम्ही खडू खाली ठेवायचात. मी शेजारच्या वर्गात नद्यांची खोरी शिकवत असायचे, भिंतीतून सगळं ऐकू यायचं.

मग व्हायचं तेच झालं. पूर्वपरीक्षेत एका पोरानं लिहिलं, 'ऑस्ट्रियाने सर्बियाचे दूध घेण्यास नकार दिला. त्यामुळे सर्बियाच्या मामाला राग आला.' इतिहास-भूगोलाचे पेपर आपण एकाच टेबलावर तपासायचो. तुम्ही त्याला पाचापैकी तीन गुण दिलेत. मी पेपर ओढून घेतला. म्हटलं, सर, बोर्डाचा परीक्षक हे वाचून आपल्या शाळेचं नाव काळ्या यादीत टाकील. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "बाई, त्याला कारण कळलंय. नावं चुकलीत फक्त. तुमच्या भूगोलात नावं बरोबर असतात आणि कारण कुणाला ठाऊक नसतं." दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी तुम्ही वहिनींच्या हातच्या शेंगोळ्या डब्यात आणल्यात, म्हणून बोलले.

तुमचं म्हणणं पक्कं होतं. देश युद्ध सुरू करतो हावेपायी, पण दुसऱ्याच्या युद्धात शिरतो तो दिलेल्या शब्दापायी. आज शब्द मोडला तर उद्या आपल्यावर वेळ आल्यावर कोण उभं राहील, ही भीती. सही झाली की देश गेलाच म्हणून समजायचं, असं तुम्ही टेबलावर बोट आपटून सांगायचात. आणि माझा राग असा की शब्द देणारे चार, जाणारे वेगळेच. माझ्या पणजोबांचं तुम्हाला किती वेळा ऐकवलं असेल. नगरच्या लष्करी कॅम्पात खेचरांना दाणापाणी करायचे. एके दिवशी खेचरांबरोबर त्यांनाही आगगाडीत बसवलं, मग बोटीत, आणि उतरवलं ते थेट इराकातल्या बसऱ्याला. देश पहिल्या महायुद्धात शिरला हे घरच्यांना कळलं ते पणजोबा दोन रविवार चर्चमध्ये भक्तीला दिसले नाहीत तेव्हा. पाळकसाहेब कॅम्पात जाऊन विचारून आले. पणजीला तोवर जर्मनी हा शब्दही माहीत नव्हता. म्हणून मी म्हणायचे, सर, 'भारत युद्धात उतरला' असं फळ्यावर लिहू नका. आपल्याला विचारलं कुणी? तुम्ही म्हणायचात, "बाई, विचारून कुणाला नेत असतात? ज्याचं राज्य हाय त्याच्या गाडीला आपण जुंपलेले." मी म्हणायचे, मग तसं लिहा. एका वर्षी तुम्ही खरंच लिहिलंत फळ्यावर, 'भारताला युद्धात नेण्यात आले.' मला खिडकीतून बोलावून दाखवलंत. माझा एवढा विजय त्या शाळेत दुसरा झाला नाही.

रूथ त्याच वर्गात होती. तिनं हात वर करून विचारलं होतं, "सर, मधल्या एकानं जरी 'मी नाही येत' म्हटलं असतं तर?" तुम्ही म्हणालात, ते सिलॅबसला नाही. वर्ग हसला. घरी येऊन ती माझ्यावरच चिडली, म्हणाली सरांना उत्तर येत नव्हतं. मी तुमची बाजू घेतली. तुमच्या पाठीमागे मी कायम तुमचीच बाजू घ्यायचे, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

या वर्षी तिकडं शेजारच्या दोन देशांत पेटलं आणि आपला पाच मार्कांचा प्रश्न माझ्या घरात येऊन बसला. रूथच्या हॉस्पिटलापासून सरहद्द तीन तासांवर. ती ज्या देशात होती त्याची एका बाजूशी सही झालेली, एकमेकांसाठी लढायचं म्हणून. तो शिरला तर पहिली क्षेपणास्त्रं बंदरावर पडणार असं चॅनेलवाले नकाशावर लाल गोल काढून सांगत होते, आणि तिचं हॉस्पिटल बंदराला लागून. मी आयुष्यभर पोरांना नकाशा वाचायला शिकवलं. त्या दिवसांत मला तो वाचता येतो याचाच राग यायचा.

तुमचं हृदय तेव्हा थकलं होतं. पायांवर सूज, चार पावलं चाललात की धाप. मिरजगावच्या त्या पडवीत खाटेवर तीन पेपर पसरून बसलेले असायचात. मी रोज पाचला यायचे. वहिनी बिनसाखरेचा चहा ठेवायच्या आणि मी पहिलाच प्रश्न विचारायचे, "सर, तो देश शिरेल का?"

"न्हाई शिरायचा."

"कशावरून?"

"तेलाचं दुकान टाकून बसलेला मानूस शेजारच्या भांडणात काडी टाकत न्हाई, बाई. चहा घ्या."

"पण सही आहे ना त्यांची?"

"सही कागदावर असती. राज्य करणाऱ्याला रात्री झोप लागंल ते तो करतो. शेवटी 'न्हाई' म्हणता येतंच की कुणालाही."

रोज हेच. शब्द थोडे इकडं तिकडं. एकदा मी म्हणाले, मी रूथला नोकरी सोडून ये म्हणून सांगते. तुम्ही हात वर केलात. "आईनं धीर सोडला तर पोरगी तिथं एकटी काय करील? तुमी काही बोलू नका." मी घरी जाऊन प्रार्थना करायचे आणि तुमचं वाक्य स्वतःला ऐकवत झोपायचे. शेवटी 'न्हाई' म्हणता येतंच की कुणालाही.

सर, माझ्या डोक्यात प्रकाश कसा पडला नाही? एकतीस वर्षं टेबलावर बोट आपटून सही झाली की देश गेला म्हणणारा माणूस मला रोज सांगत होता की सहीला काही अर्थ नाही. तुम्ही स्वतःचीच बाजू माझ्यापुढे मोडीत काढत होता. एरवी तुम्ही एक पाऊल मागे घेतलंत तर मी महिनाभर टोमणे मारले असते. या वेळी तुम्ही सगळं मैदान सोडून दिलंत आणि मी चहा पिऊन घरी गेले.

मग एका सोमवारी रूथचा फोन आला, वर्षाची रजा लवकर मंजूर झाली, उद्या दुपारी मुंबईला उतरते. मी धावत तुमच्याकडे आले. तुम्ही म्हणालात, "अरे वा. अचानक कशी काय?" आणि वहिनींकडे बघून हसलात. मला म्हणालात, पहाटेच गाडी काढा, पुण्यात सकाळची गर्दी लागते. मी म्हटलं, परवा घेऊन येते तिला भेटायला. तुम्ही म्हणालात, "आणा." तुमच्याशी झालेलं माझं शेवटचं बोलणं ते एवढं.

तुम्ही गेल्याचा निरोप मला विमानतळावर मिळाला. शाळेच्या ग्रुपवर आला. मी दोनदा वाचला, मोबाईल पर्समध्ये टाकला आणि दाराकडे बघत उभी राहिले. वीस मिनिटांनी रूथ बाहेर आली. वाळली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं, बॅग ढकलत मला हाका मारत आली. मी तिला धरलं आणि मला इतका आनंद झाला, सर, की मी तिला सोडेचना. तुम्ही जाऊन चार तास झाले होते, मला कळून वीस मिनिटं, आणि मी आनंदानं रडत होते. त्या क्षणी तुमची आठवणही आली नाही. हे मी कुणाजवळ बोलले नाही. वहिनींनाही नाही. तुमच्या अंत्यविधीला मी पोचू शकले नाही त्याची लाज वाटते, पण त्या दिवशी मी दुसरीकडे कुठं असायला हवं होतं असं मला वाटत नाही. तुम्हालाही वाटलं नसतं.

आता दशक्रियेचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथं झाली. भाषणं संपल्यावर मी रूथला घेऊन वहिनींपाशी गेले. रूथ पाया पडायला वाकली. वहिनींनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आलीस व्हय गं. बरं केलंस. ह्यांचं ऐकलंस."

मी विचारलं, "काय ऐकलं?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या, मग रूथकडे. रूथनं मान खाली घातली.

"न्हाई सांगितलं का तू आईला? मीच तर फोन धरून हुते. ह्यांचे हात कापायचे, मोबाईल पडायचा. तुमी चहा पिऊन गेला का ह्ये म्हनायचे, लाव गं रूथला."

मग सगळं बाहेर आलं. रोज मला 'न्हाई शिरायचा' सांगून झालं की तुम्ही माझ्या लेकीला फोन करत होता आणि सांगत होता की तो देश शिरणार. नक्की शिरणार. विमानं चालू आहेत तोवर नीघ. रूथनं पहिल्यांदा ऐकलं नाही. म्हणाली वॉर्ड भरलाय, कसं सोडू. तुम्ही तिला म्हणालात, "पोरी, देश युद्धात शिरायच्या आधी एक शब्द बोलायला लागतो. 'आमचा नाइलाज आहे.' हावेची भाषा असंस्तवर घाबरायचं कारण न्हाई, हाव असलेला मानूस हिशेबी असतो. नाइलाजाची भाषा सुरू झाली का समजायचं, ह्यांनी आता मागचं दार लावून घेतलं. त्यांची भाषणं वाच. ज्या दिवशी तो शब्द दिसंल त्या दिवशी विमानतळ गाठ." आणि रविवारी तिथल्या पेपरात तो शब्द आला. रूथनं सोमवारी रजा टाकली. मला काही कळू द्यायचं नाही अशी तुम्ही तिला शपथ घातली होती.

मला राग आला. दशक्रियेच्या मांडवात, सगळ्या लोकांपुढं. मी रूथला म्हणाले, तू सुद्धा? आणि वहिनींना म्हणाले, मी काय तान्ही आहे? मला खरं सांगितलं असतं तर मी मेले असते का? मोठ्यानं बोलले असणार, कारण कारखान्याचे साहेब वळून बघायला लागले.  वहिनींनी माझा हात धरून मला खाली सतरंजीवर बसवलं.

"रूथचे पप्पा गेले तवा तुमी आठ दिवस अन्नाला शिवला न्हवता. ह्ये समदं ध्यानात ठिवून हुते. म्हनले, आता पोरीसाठी बाईंना तसं बसू देनार न्हाई. पोरीला आनायचं काम माझं, बाईंना झोप लागली पायजे ते पन माझं. मी म्हनलं, खोटं बोलता तुमी रोज त्यांच्या तोंडावर. तर म्हनले, मास्तर मानूस हाय, एक तरी उत्तर चुकीचं सांगायची मुभा हाय मला."

मग मी रडले. अगदी हुंदके देऊन, पहिल्यांदाच. तुमच्यासाठी.

आता दोन दिवस गेलेत आणि राग उतरलाय, तेव्हा आपलं भांडण जरा पुढे नेते. मला खोटं म्हणून जे सांगितलंत ते खरं निघालं. रूथला खरं म्हणून जे सांगितलंत ते खोटं निघालं. सही होती. नाइलाज हा शब्द पेपरात आला होता. सैन्य सरहद्दीवर नेलं होतं. तुमच्या हिशेबानं तो देश आत गेलेलाच होता, आणि तरी शुक्रवारी तिथल्या कुणीतरी उठून 'नाही' म्हटलं. का म्हटलं ते कुणालाच नीट माहीत नाही. कुणी म्हणतं तेल, कुणी म्हणतं घरातूनच विरोध झाला, कुणी म्हणतं समोरच्यानं आतून निरोप पाठवला. पुढं कधीतरी कुणी पाच मुद्द्यांत लिहील आणि पोरं पाठ करतील. देश युद्धात का शिरतो याची उत्तरं आपल्या पुस्तकात होती, का शिरत नाही याचं एकही नव्हतं. त्यावर तुम्ही काहीतरी खवचट बोलला असतात. मला ते ऐकायचं होतं.

तुम्हाला हेही सांगायचं आहे की मी आभार मानायला आले नव्हते कधी. रूथचे पप्पा गेल्यावर तिच्या नर्सिंगच्या फॉर्मवर, वसतिगृहाच्या दारात, पासपोर्टच्या रांगेत तुम्ही उभे होता. मी तुम्हाला प्रत्येक वेळी म्हणायचे, कशाला त्रास घेतलात. त्याच्याऐवजी दुसरंच म्हणायचं होतं. आता म्हणते. तुमचे उपकार आहेत, सर, आणि त्यांचं मला ओझं वाटत नाही.

रूथ पुढच्या महिन्यात परत जाणार आहे. हॉस्पिटलनं तिची जागा ठेवली आहे. मी हो म्हटलं. तिच्या वॉर्डात सात नर्सेस आहेत. दोघी केरळच्या, एक फिलिपिन्सची, एक आपल्या जामखेडची, बाकीच्या कुठकुठल्या. त्यांना विमानतळ गाठ म्हणून सांगणारं कुणी नव्हतं, त्या तिथंच राहिल्या. काल संध्याकाळी रूथनं त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्यासमोर धरला. ड्युटी संपवून सगळ्या एका खोलीत बसल्या होत्या, भात खात होत्या, एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. जामखेडची पोरगी मला म्हणाली, "काकू, रूथला म्हनावं येताना शेंगदान्याची चटनी आन."

सर, तुम्ही बरोबर ठरला असतात तर एकटी माझी रूथ वाचली असती.